बायटाउनची ओटावा झाली

कॅनडाची राजधानी ओटावा तेथील संसदभवनामुळे सर्वपरिचित आहे. परंतु या नगराचा जन्म झाला तो पाइनच्या अरण्यात. मॅसॅच्युसेट्समधील फिलेमॉन राइट हा शेतकरी इ. स. १८०० मध्ये काही कुटुंबांसह ओटावा नदीच्या उत्तर तीरावर येऊन राहिला. त्याला करावयाची होती शेती. झाडे ही त्याच्या दृष्टीने अडचणच होती. पण जवळची पुंजी आटत चालली, तेव्हा १८०६ च्या उन्हाळ्यात त्याने चौरस तासलेले ओंडके जखडून त्यांचा तराफा नदीत सोडला. खळाळांतून वाट काढीत तो सुमारे दोन महिन्यांनी क्विबेक बंदरास लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस नेपोलियनने इंग्लंडची व्यापारी कोंडी आरंभिली, बाल्टिककडील लाकूड दुर्मिळ झाले, आणि ब्रिटिश आरमाराची दृष्टी कॅनडातील अरण्यांकडे वळली.

समोरच्या दक्षिण तीरावर वस्ती झाली ती १८२६ मध्ये. अमेरिकेशी १८१२ मध्ये जुंपलेल्या युद्धानंतर सरहद्दीलगतचा सेंट लॉरेन्स नदीचा मार्ग ब्रिटिशांना धोक्याचा वाटू लागला होता. म्हणून कर्नल जॉन बाय याने रिडो कालवा खोदावयास घेतला. त्याच्या मुखाशी जी छावणी पडली, तेच बायटाउन. १८३२ मध्ये कालवा पुरा होईपर्यंत हिवतापाने व अपघातांनी सुमारे एक हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. कर्नलच्या वाट्यालाही वाढलेल्या खर्चाची चौकशीच आली!

काम संपले आणि आयरिश मजूर उघड्यावर पडले. लाकडाच्या धंद्यात फ्रेंच-कॅनेडियन तराफेवाले आधीच स्थिरावले होते. पीटर एलन नावाच्या लाकूडव्यापाऱ्याने या भुकेल्या आयरिशांना हाताशी धरून प्रतिस्पर्ध्यांवर घातले. १८३५ च्या सुमारास बायटाउनच्या रस्त्यांवर मारामाऱ्या नित्याच्याच झाल्या. सरकारी पोलीस असे नव्हतेच, म्हणून नागरिकांना स्वतःचे रक्षकमंडळ उभारावे लागले. पुढे हाच एलन नदीपलीकडे जाऊन प्रतिष्ठित गृहस्थ व मॅजिस्ट्रेट होऊन बसला. मार खाणारे आणि मार देणारे मजूर मात्र पुन्हा जंगलातच गेले.

१८५५ मध्ये गावाने ओटावा हे नाव घेतले. क्विबेक, मॉन्ट्रिऑल, टोरोंटो व किंग्स्टन यांची राजधानीपदासाठी चुरस चालली असता १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरियाने या आडरानातील लाकूडवस्तीला कौल दिला. १८६० च्या सप्टेंबरात युवराजाने संसदभवनाची कोनशिला बसविली. त्याच भेटीत, शोदिएर धबधब्याशेजारी लाकडे उतरविण्यासाठी बांधलेल्या उतरत्या पाटातून तो तराफ्यावर बसून घसरत खाली आला.