उंबरा आणि मोटार

नव्या पेठेतल्या आमच्या घराचा मागचा उंबरा गेल्या वर्षी काढावा लागला. कारण ऐकून नातेवाईक हसले. मोटार आत घ्यायची होती म्हणून!

आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान. मागे बोळाकडे उघडणारं कापडाचं गोडाऊन, वर राहायची जागा. दुकान बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. गोडाऊनमध्ये जुन्या वह्या, मोडकी कपाटं आणि उंदीर. अप्पांची पद्मिनी मात्र एका नातेवाइकाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली अकरा वर्षं उभी होती. ती घरी आणायची, गोडाऊनचं गॅरेज करायचं आणि तिथे आपल्या हातानं गाडी उभी करायची, असं मी ठरवलं. दादाचं म्हणणं एकच, "नव्या पेठेत जागा भाड्यानं द्यायची सोडून कुणी भंगार ठेवतं का?"

त्याचं चुकीचं नव्हतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसायला लागलो, आणि एक वेगळाच इतिहास हाती लागला. तो आपल्याच गावात सुरू होतो.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यात मन रमेना म्हणून लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटं घ्यायला लागले. पहिलं मोठं काम बार्शी लाइट रेल्वेचं, येडशी ते तडवळे. पुढे जहाजं झाली, विमानाचा कारखाना झाला, विशाखापट्टणची गोदी झाली. १९३९ साली ते अमेरिकेत मोटारीच्या कारखान्यासाठी बोलणी करायला गेले. फोर्डशी जमलं नाही, शेवटी क्रायस्लरशी करार झाला. तेव्हाचं सरकार अशा कारखान्याला अनुकूल नव्हतं, त्यात युद्ध. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ च्या मार्च महिन्यात, म्हणजे स्वातंत्र्याच्या पाच महिने आधी, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली.

त्या आधी मोटारी इथे येत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथे जोडले जायचे. १९५३ च्या सुमारास सरकारनं सांगितलं की ज्यांना इथे भाग बनवायचे असतील त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. राहिले प्रीमियर, हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड असे मोजके. वालचंद त्याच १९५३ मध्ये वारले. फियाट अकराशेचा पुढचा सगळा संसार त्यांना पाहायला मिळाला नाही. साठच्या दशकात डिलाइट आली. मग इटलीवाल्यांचं नाव गेलं, गाडी काही काळ 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचं नाव घेऊन 'पद्मिनी'. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. आमचे अप्पासुद्धा.

आता मुद्द्यावर येतो. गॅरेजचा म्हणून जो इतिहास सांगतात तो नेहमी एकाच दिशेनं जातो. हेन्री फोर्ड एडिसन कंपनीत नोकरीला होता आणि डेट्रॉइटमध्ये बॅगली ॲव्हेन्यूवर भाड्याच्या घरात राहायचा. मागच्या विटांच्या शेडमध्ये त्यानं सायकलची चाकं लावलेली चारचाकी तयार केली. १८९६ च्या ४ जूनला पहाटे ती बाहेर काढायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की दार अरुंद आहे! मग कुऱ्हाड घेऊन त्यानं विटा फोडल्या. त्या शेडमधून पुढे अवाढव्य कारखाना निघाला. म्हणजे आधी गॅरेज, मग कारखाना.

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी बनवली. पहिला नमुना १९४९ चा. नंतर कितीतरी वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. ती कारखान्यातून कधीच निघाली नाही. परवान्यांच्या त्या काळात शेडमधून कारखान्याकडे जाणारा रस्ता बंदच होता.

आपल्याकडे उलट झालं. कारखाना आधी आला आणि त्यानं हजारो छोटी गॅरेजं जन्माला घातली. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि मिळाली की ती वीस-तीस वर्षं चालवायची, कारण दुसरी कुठून आणणार? म्हणून प्रत्येक चौकात कडुनिंबाखाली एक मिस्त्री, एक जॅक आणि एक ऑइलनं काळी पडलेली फळी. कुर्ल्यात गाडी एकदा बनली असेल, पण अशा झाडांखाली ती पुन्हा पुन्हा बनली. आपल्या मोटार उद्योगाचा हा अर्धा भाग मला कुठल्याच पुस्तकात नीट सापडला नाही. सोलापुरात तर या भागाला गिरण्यांची जोड. आमच्याकडे येतात ते मिस्त्री पासष्टीचे आहेत. वडील गिरणीत फिटर होते. कान्यानं बेअरिंग ऐकायची कला तिथूनच आली, असं ते सांगतात.

तर गॅरेज. गाडी सुमारे तेरा फूट लांब, पाच फुटांच्या आत रुंद. गोडाऊन अठरा बाय अकरा. माप कागदावर छान बसत होतं. दाराची चौकटही तशी पुरेशी होती, पण बोळ इतका अरुंद की गाडी सरळ आत घेता येईना, तिरकीच घ्यावी लागणार. शिवाय उंबरा चांगला वीतभर उंच. चौकट काढून दार रुंद करायचं ठरलं आणि आई उभी राहिली. "उंबरा फोडायचा नाही." लग्न होऊन आली तेव्हा याच बोळातून, याच दारातून आत आली होती म्हणे, पुढे दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून! मग चार माणसं लावून तो दगड अख्खा उपसला. आता तो वरच्या माळ्याच्या जिन्यापाशी बसवला आहे. आई त्याला अजून हळदकुंकू लावते. फोर्डची कुऱ्हाड आठवली आणि वाटलं, त्याच्या घरी आमची आई नव्हती.

जमिनीवर शहाबादी फरशी होती. जॅकचा सगळा भार एका टाचेएवढ्या जागेवर येतो, त्याखाली फरशी तडकते. म्हणून ती उचलली. मग मला खड्डा हवा होता. खाली उतरून गाडीचं पोट बघता येईल असा, खऱ्या गॅरेजसारखा. मिस्त्री म्हणाले, "मालक, काळ्या मातीत खड्डा घेताय का? आणि पेट्रोलची वाफ जड असते, तळाला बसते. एक ठिणगी पुरे." मी ऐकलं नाही. मे महिन्यात खणला, अडीच फूट रुंद, साडेचार फूट खोल. मुरूम लागायच्या आतच थांबलो.

जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले. पन्हाळीचं पाणी भिंतीच्या कडेनं मुरलं. काळी माती पाणी पिऊन फुगली, खड्ड्याची एक बाजू आत आली आणि शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला जिन्याजवळ केसाएवढी तडा गेली. शेजारच्या काकांनी आरडाओरडा केला नाही. नुसतं बोलावलं आणि तडेवर बोट ठेवून दाखवलं. त्याचीच जास्त लाज वाटली. त्यांच्या भिंतीचं काम माझ्या खर्चानं झालं. खड्डा मुरूम घालून, पाणी मारून, चोपून बुजवला. वर जाळी टाकून सहा इंचाचा कोबा केला. आता जॅक, चार लोखंडी घोड्या आणि चाकं लावलेली फळी. पाठीवर झोपून काम करतो. इंजिन उचलायला जुन्या लाकडी तुळईवर भरवसा न ठेवता वेगळा गर्डर टाकून त्याला चेनकुप्पी लावली. मिस्त्रींनी सुरुवातीलाच जे सांगितलं होतं तेच सगळं झालं, फक्त पैसे आणि एक पावसाळा घालवून.

गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसएक घोड्यांचं. उघडल्यावर वाटलं त्यापेक्षा बरं निघालं. खरी अडचण कागदांची. आमच्या गाडीची नोंद १९७४ ची. २०२१ मध्ये केंद्रानं नियम केला की पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षं मुदत. मान मोठा, पण अट अशी की ती गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन, इतकंच. दादा म्हणाला, "घे की. किंमत वाढेल." हे मात्र त्यानं पहिल्यांदाच गाडीच्या बाजूनं बोललेलं वाक्य होतं.

मी अप्पांना विचारलं. ते शहाऐंशीचे आहेत, जिना उतरत नाहीत. ते म्हणाले, "शोभेला ठेवायची तर गोडाऊन भाड्यानं दे. दादा म्हणतो तेच बरोबर."

म्हणून व्हिंटेजचा अर्ज केला नाही. साध्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं, जड शुल्क भरायचं, तपासणीला उभं राहायचं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला लोक जमले होते. कारखाना तर त्याच्याही वीसेक वर्षं आधी थांबला होता. माणसं गाडी बंद पडल्यावर तिचा सत्कार करतात. मला चालती हवी आहे.

ब्रेकचं काम अजून बाकी आहे. चारही चाकांचे ड्रम उघडे पडलेत, त्यातले दोन टर्नरकडे गेलेत. ते झाले की एखाद्या रविवारी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, अप्पांना खुर्चीत बसवून खाली आणायचं आणि सिद्धेश्वर तळ्यापर्यंत एक फेरी मारायची. दादा म्हणतो, खुर्ची उचलायला तो येईल.

असो. जिन्यापाशी तो उंबरा आहे, तेवढा खुर्चीनिशी ओलांडावा लागेल.