कंपनीचा देऊ की लोकल?

सोलापुरात महामार्गालगतच्या सुट्या भागांच्या एखाद्या दुकानात थोडा वेळ उभे राहावे. ट्रकचा चालक येतो, काळाकुट्ट झालेला जुना फिल्टर काउंटरवर ठेवतो आणि दुकानदार विचारतो, "कंपनीचा देऊ की लोकल?" दोन्ही डबे शेजारी ठेवले तर उंची तीच, आटे तेच, रबरी वायसरही तसाच. किमतीत मात्र चांगलाच फरक असतो.

प्रश्न चार शब्दांचा, पण त्यात बरेच काही गुंतलेले असते. पुणे-हैदराबाद, विजयपूर आणि धुळे या बाजूंचे रस्ते सोलापुरात मिळतात. जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यामुळे वर्षातले बरेच महिने रस्त्यावर धूळ. एकच ट्रक असलेल्या मालकाचे इंजिन खोलावे लागले, तर गाडी कित्येक दिवस उभी राहते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. मग निवड कशाच्या आधारावर करायची? याचे उत्तर शोधताना फिल्टरचा इतिहास पाहणे आम्हांला उपयोगी वाटले.

धुऊन वापरायची गाळणी

रुडॉल्फ डिझेल याने आपल्या इंजिनाची कल्पना मांडली, तेव्हा कोळशाची पूड हेही एक इंधन त्याच्या डोळ्यांसमोर होते. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरलेले इंजिन मात्र द्रव इंधनावर चालले. कोळशाच्या पुडीवर इंजिन चालवण्याचे प्रयत्न पुढेही झाले, पण राखेच्या कणांनी सिलिंडर झिजत. कठीण कण आणि घासणारे धातू यांचे जमत नाही, हा धडा असा सुरुवातीलाच मिळाला होता.

१९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॅल्ग यांनी मोटारीचे वंगणतेल गाळणारा फिल्टर तयार केला. स्वीटलँड यांचा आधीचा अनुभव कापडातून द्रव गाळणाऱ्या फिल्टर-प्रेसचा होता. साखर कारखान्यात गाळ वेगळा करताना हेच तत्त्व वापरतात; सोलापूरच्या विद्यार्थ्यांना ते सहज पाहता येईल. १९२७ मध्ये जर्मनीतील बॉश कारखान्याने डिझेलच्या इंजेक्शन पंपाचे उत्पादन सुरू केले. या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून तिची कल्पना यावी. आता डिझेल गाळणे अटळ झाले.

भारतात बॉशच्या सहकार्याने मायको ही कंपनी १९५१ मध्ये बंगळूर येथे सुरू झाली, आणि १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. त्या काळच्या ट्रकांवर हवेसाठी बहुधा तेलाच्या भांड्याचा फिल्टर असे. आत येणारी हवा तेलावर आपटून वर वळे, धूळ तेलात व जाळीत अडके. चालकाने भांडे सोडवायचे, डिझेलने धुवायचे, नवे तेल ओतायचे. डिझेलच्या फिल्टरमधला कापडाचा किंवा नमद्याचा भागही धुऊन पुन्हा बसवता येई. अशा फिल्टरच्या बाबतीत "कंपनीचा की लोकल" हा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता.

कागद आला, प्रश्न आला

दुसऱ्या महायुद्धानंतर राळ पाजलेल्या, घड्या घातलेल्या कागदाचे फिल्टर पसरले. कागद धूळ अधिक चांगली अडवतो, पण तो धुता येत नाही. भरला की फेकायचा. म्हणजे एका इंजिनाला त्याच्या आयुष्यात अनेक फिल्टर लागणार. ट्रक बनवणारे कारखाने बहुधा फिल्टर स्वतः बनवत नाहीत, दुसऱ्या उत्पादकाकडून घेतात. तोच उत्पादक आपल्या नावाने तसाच फिल्टर बाजारातही विकू शकतो, आणि इतर कारखानेही त्याच मापाचा डबा काढू शकतात.

तेव्हा काउंटरवर खरे तर दोन नव्हे, तीन प्रकारचे डबे असतात. ट्रक कंपनीच्या नावाचा, दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला, आणि कंपनीचे नाव चोरून छापलेला डुप्लिकेट. दुसरा प्रामाणिक माल असतो, तिसरा फसवणूक. बोलताना मात्र अनेकदा दोघांनाही "लोकल" म्हटले जाते, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

कायद्यानेही यात लक्ष घातले आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने, ठरावीक नावाचाच भाग वापरला तर वॉरंटी, अशी अट घालण्यावर बंधन आणले. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुट्या भागांचा बाजार अडवून धरल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. हे प्रकरण ट्रकांचे नव्हे, मोटारगाड्यांचे होते आणि पुढे ते अपिलातही गेले. पण निवडीचा हक्क कोणाचा, हा प्रश्न तोच होता.

एकाच धुळीची कसोटी

हक्क मिळाला तरी चांगले-वाईट ओळखायचे कसे? दोन फिल्टरांची तुलना करायची तर धूळ सारखी हवी. अमेरिकेत यासाठी ॲरिझोनातील सॉल्ट रिव्हर खोऱ्यात ट्रॅक्टरमागे उडणारी धूळ गोळा करून, चाळून वापरली जाऊ लागली. जनरल मोटर्सचा एक विभाग ती १९९२ पर्यंत पुरवत असे. नंतर अशा धुळीची आंतरराष्ट्रीय प्रमाणके ठरली. या धुळीत क्वार्ट्‌झ भरपूर असते. आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात क्वार्ट्‌झ कमी. म्हणून सोलापूरच्या रस्त्यावर फिल्टर किती दिवस टिकेल, हे ही चाचणी सांगत नाही. दोन फिल्टरांत सरस कोणता, एवढे ती सांगते.

तेल व डिझेलच्या फिल्टरसाठी "बीटा गुणोत्तर" वापरतात. ठरावीक आकाराचे व त्याहून मोठे किती कण आत गेले, भागिले किती बाहेर आले, म्हणजे बीटा. बीटा २ असेल तर निम्मे कण निसटले. बीटा २०० असेल तर दोनशेतला एकच. डब्यावर नुसते "१० मायक्रॉन" लिहिलेले असेल, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

हवेच्या फिल्टरचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. टर्बो नसलेले ६ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालले, तर दर दोन फेऱ्यांना ६ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ६,००० लिटर हवा ओढते. तासाला ही हवा ३६० घनमीटर झाली. घनमीटरमागे १ मिलिग्रॅम धूळ धरली, तर दहा तासांत ३,६०० मिलिग्रॅम. ९९ टक्के अडवणारा फिल्टर त्यातली ३६ मिलिग्रॅम आत सोडेल, ९९.९ टक्केवाला ३.६. कागदावर फरक एका टक्क्याहूनही कमी, पण सिलिंडरात जाणारी धूळ दहापट!

आणखी एक गोष्ट. वापरात असलेल्या हवेच्या फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसतो व तोच पुढची धूळ अडवतो. तेव्हा फिल्टर वारंवार काढून आपटण्याने फायद्यापेक्षा तोटाच अधिक.

मिस्त्रींचा अनुभव

"लोकल टाकून वीस वर्षे गाडी चालवली," असे जुने मिस्त्री सांगतात. ते खोटे नसते. पण तो अनुभव जुन्या इंजिनाचा आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या इंजिनांत कॉमन रेलमधला दाब २,००० बारच्या आसपास जातो. तिथे डिझेलमधला बारीक कण किंवा पाण्याचा थेंब नोझल निकामी करू शकतो.

आमचे मत असे : नावावरून निवडू नये, मोजमापावरून निवडावे. जो उत्पादक चाचणीचे आकडे छापतो आणि दुकानदार ज्याचे पक्के बिल देतो, तो फिल्टर कंपनीचा नसला तरी घेण्याजोगा. आकडे मिळत नसतील तर, विशेषतः डिझेलच्या फिल्टरसाठी, कंपनीचा घ्यावा. तिथे नाव हे न मिळालेल्या मोजमापाच्या जागी वापरलेले तारण आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

विद्यार्थ्यांना गॅरेजमधून दोन टाकाऊ कोरडे एअर फिल्टर आणायला सांगावे. तोंडाला रुमाल बांधून, मोकळ्या जागी ते उघडावेत. घड्या मोजाव्यात, घडीची खोली गुणिले उंची गुणिले दोन, गुणिले घड्यांची संख्या, हे कागदाचे क्षेत्रफळ. एकात कागद कमी निघाला, तर तो लवकर का भरेल हे मुले स्वतःच सांगतील. मग विचारावे : कागद कोणते कण अडवतो, हे नुसते पाहून कळेल का? "नाही, मोजावे लागेल," हे उत्तर वर्गातूनच यावे.