हिवाळी टायर : अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटरस्ते

थंड प्रदेशासाठी बनवलेला, मऊ रबराचा आणि नक्षीत बारीक चिरा असलेला टायर. पारा साधारण 7° से.च्या खाली गेला की नेहमीच्या टायरचे रबर कडक होते व पकड सुटू लागते. हिवाळी टायरचे रबर तेव्हाही लवचीक राहते, चिरांच्या कडा बर्फात रुततात. जर्मनीत बर्फाळ रस्त्यांवर असे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यात त्यांची गरज नाही.

राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (1,646 मी.) अकोले तालुक्याच्या सीमेवर आहे, पण तेथे बर्फ पडत नाही. पहाटे पारा कधी 10 अंशांखाली उतरला, तरी दुपारी ऊन तापतेच. अशा उन्हात मऊ रबर लवकर झिजते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायलाही जास्त अंतर लागते.

येथील घाटांत गाडी घसरते ती पावसाने. करंजी घाट पर्जन्यछायेत, तर भंडारदरा, घाटघर, रतनवाडी हा पट्टा धो-धो पावसाचा. त्यातही पहिल्या सरी फसव्या : महिनोन्‌महिने साचलेले तेल, धूळ आणि रबराची भुकटी भिजून रस्ता निसरडा होतो. काजवे पाहायला भंडारदऱ्याला गर्दी लोटते, तीही नेमकी याच सुमारास. पुढे जोराच्या पावसात टायरच्या खाचांतून पाणी बाहेर फेकले गेले नाही, तर चाक पाण्यावर तरंगते. नियमानुसार खाचांची खोली मोटारीला किमान 1.6 मिमी, दुचाकी-तीनचाकीला 0.8 मिमी हवी. ही मर्यादा टायर बाद ठरवण्याची आहे. अकोल्याच्या पावसात मोटारीचा टायर 3 मिमीवर आला की बदललेला बरा. गोटा झालेल्या टायरवर घाट उतरू नये, आणि उतरताना गाडी न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावे.

हिवाळ्यातला खरा धोका ऊसवाहतुकीचा. गळीत हंगामात मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली पहाटेच्या अंधारात ऐनवेळी समोर येते. तेथे टायरपेक्षा वेग महत्त्वाचा.

जिल्ह्यातून हिमालयात स्वतःची गाडी नेणाऱ्यांनीही सहसा टायर बदलण्याऐवजी साखळ्या न्याव्यात. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते, त्यांनाच त्या बांधतात. बर्फ संपताच त्या काढाव्या लागतात. कोरड्या डांबरावर साखळी तुटते आणि टायरही खराब होतो.