लबलब्यातले जझीरे: बेटरोपण आणि दाह रोखणारी औषधे

मावळ-लोणावळ्यात कुणाच्या मुलाला टाइप-१ डायबेटिस निघाला की पालक आम्हा शिक्षकांनाही विचारतात, "सर, ऑपरेशनने सुटतं का हे?" आधी एकच सांगतो: कुणाच्याही सांगण्यावरून इन्सुलिन बंद करू नका, या आजारात ते जिवावर बेततं.

स्वादुपिंडात, म्हणजे उर्दूतल्या लबलब्यात, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके असतात. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स यांनी ते टिपले. त्यांना बेटे म्हणतात, उर्दूत जझीरे. मुरूडचा जंजिरा याच शब्दातला. टाइप-१ मध्ये शरीरच या पेशी मारतं. मृत दात्याची बेटे वेगळी काढून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडायची, हे बेटरोपण. कॅनडातल्या एडमंटनच्या पथकाने २००० साली सात रुग्णांचे इन्सुलिन असे थांबवले.

खरी अडचण पुढेच. रक्ताशी गाठ पडताच गुठळ्या होतात, दाह उठतो आणि पहिल्या काही दिवसांतच बरीचशी बेटे मरतात. म्हणून रोपणाच्या वेळी इटानरसेप्ट, अनाकिनरा अशी दाह रोखणारी औषधे काही केंद्रांत देतात. सगळीच लागू पडत नाहीत. रेपॅरिक्सिनने मोठ्या चाचणीत निराशा केली. आणि ही मेडिकलमधली पेनकिलर नव्हेत, हे ध्यानात असू द्या.

आपल्या पुण्यातही राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांनी या बेटांवर वर्षानुवर्षे संशोधन केले. अमेरिकेने २०२३ मध्ये दात्याच्या बेटांच्या उपचाराला मंजुरी दिली, पण फक्त अशा प्रौढांसाठी ज्यांची शुगर वारंवार धोकादायक उतरते. रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मात्र सुटत नाहीत.