'कर' आणि काळाराम

मराठी आडनावातला 'कर' हा प्रत्यय आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्यामागचा हक्क ध्यानातच येत नाही: हे गाव माझे, मी त्याचा. पंचवटीतील काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले. नाशिकजवळच्या ओढा गावावरून हे आडनाव आले. २ मार्च १९३० रोजी याच मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतेही 'कर'च होते. सकपाळ घराण्यातील डॉ. बाबासाहेबांचे मूळ गाव कोकणातील आंबडवे, म्हणून आंबडवेकर. हे नाव बोजड वाटल्याने साताऱ्याच्या शाळेतील ब्राह्मण शिक्षकांनी त्यांना स्वतःचे 'आंबेडकर' हे आडनाव दिले, अशी आठवण बाबासाहेबांनीच सांगितली आहे. व्याकरणाने दोन्ही आडनावे सारखीच घडवली. प्रत्यय जात विचारत नाही. मंदिराचे दार मात्र विचारत होते, आणि काही वर्षे चाललेल्या त्या लढ्यात ते उघडले नाही.

आडनावांची व्युत्पत्ती सांगणारे बहुधा गावाच्या नावापाशी थांबतात. त्या गावात कोणाचे घर वेशीच्या आत होते आणि कोणाचे बाहेर, हेही नोंदले जावे, असे आम्हांस वाटते. एरवी 'कर'चा अर्थ अर्धाच हाती लागतो.