तक्रार कोणी मांडायची?

‘तक्रार’ हा शब्द मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ आहे पुन्हा पुन्हा सांगणे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी हा अर्थ अक्षरशः अनुभवला. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार, सदस्यसंख्या पाहून एकाच संघटनेला ‘प्रातिनिधिक’ मान्यता मिळे. मालकांशी वाटाघाटी तिनेच करायच्या. पण कामगारांचा तिच्यावरचा विश्वासच उडाला तर? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. कागदोपत्री प्रतिनिधी मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिला. मालकांनी कायद्यावर बोट ठेवून सामंतांशी बोलणी नाकारली. संप लांबला, हजारो चुली विझल्या. आपल्या वतीने कोणी बोलावे हे कामगाराला ठरवता आले नाही, तर तक्रार नुसतीच पुन्हा पुन्हा सांगितली जाते. ऐकली जात नाही.