जाळ्याच्या गांठीचा इतिहास

गालील सरोवराच्या तीरीं प्रभूनें याकोब व योहान यांस हांक मारिली, तेव्हां ते आपल्या बापाबरोबर तारवांत बसून जाळीं नीट करीत होते, असें संत मत्तयाच्या शुभवर्तमानांत लिहिलें आहे. जाळें नीट करणें म्हणजे तुटलेले आस गांठींनीं पुन्हां सांधणें. ही विद्या त्या काळींहि फार प्राचीन होती.

सन १९१३ मध्यें आंत्रेआ येथें (तेव्हां फिनलंडांत, आज रशियांत) एका शेतकऱ्यास पाणथळ कुरणांत चर खणतांना जाळें सांपडलें. वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या सालीचा वाख वळून तें विणलेलें होतें. तरंगण्यासाठीं सालीचे तुकडे व बुडण्यासाठीं दगड जवळच होते. विद्वानांच्या मतें तें १०,००० वर्षांहून जुनें आहे.

जाळ्याची नेहमींची गांठ अशी: एका सुताचा फांसा करावा; दुसरें सूत त्याच्या आंतून वर काढून, फांशाच्या दोन्ही पायांस मागून वेढा देऊन, स्वतःच्याच खालून ओढावें. जों जों ताण वाढे, तों तों सूत सुतास दाबून धरी. शिवाय प्रत्येक गांठ स्वतंत्र असल्यामुळें एक आस तुटला तरी सारें जाळें उसवत नाहीं. सुरगांठ सुटण्याकरितां असते, ही धरण्याकरितां.

गळाच्या दोरीसहि गांठच आधार. सन १४९६ मध्यें इंग्लंडांत वेस्टमिन्स्टर येथें छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथांत घोड्याच्या शेपटीचे केस वळून पाणगांठीनें सांधण्याची रीत दिली आहे.

पुढें सन १९३५ मध्यें अमेरिकेंत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेंत नायलॉन निघालें. सण व कापूस पाण्यांत कुजत, म्हणून जाळीं वारंवार वाळवावीं लागत. नायलॉन कुजत नाहीं. कालांतरानें वसईच्या किनाऱ्यावरहि त्यानेंच जुन्या सुताची जागा घेतली. परंतु सणाचें सूत भिजून फुगे व गांठ घट्ट होई. नायलॉन गुळगुळीत, म्हणून जुनी गांठ सरकूं लागली. तेव्हां तिला एक वेढा अधिक देणें, व कारखान्यांत उष्णतेनें ती पक्की करणें, हे उपाय निघाले. गळाची दोरी बांधणारेहि गांठ ओली करूनच आवळतात. कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेनें नायलॉन दुबळें होतें, आणि दोरी बहुधा गांठीपाशींच तुटते.

आज जाळीं यंत्रावर विणलीं जातात. पण फाटलेलें जाळें सांधावयास अद्याप मनुष्याचाच हात लागतो. संत योहान सांगतात कीं, १५३ मोठे मासे भरले तरी जाळें फाटलें नाहीं. ती कृपा प्रभूची. परंतु वाचकहो, ज्यांनीं त्या जाळ्याची एकेक गांठ निष्ठेनें मारिली, त्या हातांसहि विसरूं नये.